धाकटीचं गाणं आणि थोरलीचा बंद पडलेला रियाज: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

बडोद्यात दांडिया बाजाराच्या बाजूला वाढलेल्या दोन सख्ख्या मराठी बहिणींचं हे प्रकरण आहे. समुपदेशनासाठी माझ्याकडे आली ती थोरली. दोघींच्या संमतीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं घालण्याऐवजी थोरली व धाकटी असंच म्हटलं आहे.

थोरली ४३ वर्षांची, धाकटी ३७. दोघी एकाच गुरुजींकडे, एकाच सतरंजीवर बसून शिकल्या. थोरली विशारद झाली, लग्न झालं, सासूबाईंच्या लांबलेल्या आजारपणात मैफली सुटल्या. ती संध्याकाळी घरी मुलांचे गाण्याचे वर्ग घेते आणि त्यांना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसवते. धाकटी बँकेत नोकरी करते, वासणा रोडला राहते आणि शनिवार-रविवार कार्यक्रम करते. थोरलीनं एकोणतिशीत आकाशवाणीची ऑडिशन दिली होती, त्यात ती निवडली गेली नाही. धाकटीला आधी बी आणि नंतर त्याहून वरची बी-हाय श्रेणी मिळाली.

या घरात गाणं हौसेपुरतं नव्हतं, आणि त्यामागे हे शहरही आहे. १८८६ साली गायक मौलाबक्ष यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं इथं गायनशाळा काढली. तीच वाढत वाढत आज महाराजा सयाजीराव विद्यापीठात आहे. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या पुढाकारानं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती १९१६ साली, बडोद्यात. आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाज खाँ इथले दरबारगायक होते. जुन्या दक्षिणी, म्हणजे इथल्या मराठी घरांत ‘अमक्यांची मुलगी गाते’ ही ओळख आडनावाइतकी पक्की असते. थोरलीला ती ओळख आठव्या-नवव्या वर्षापासून मिळाली होती. धाकटी थोडी मोठी झाल्यावर तिच्या मागं तानपुरा धरून बसायची.

अडचण

ती आली ते एका वहीमुळे. गुरुजींनी त्यांच्याकडच्या बंदिशी एका लांबट, लाल कापडी बांधणीच्या वहीत उतरवून ठेवल्या होत्या. दुकानदार हिशेबाला वापरतात तसली वही. जाण्यापूर्वी त्यांनी ती थोरलीच्या हातात दिली. शब्दांखाली स्वर, कोमल स्वरांखाली आडवी रेघ, मंद्राला खाली टिंब, त्रितालाच्या सोळा मात्रांचे खण पेन्सिलीनं पाडलेले. एका कार्यक्रमासाठी धाकटीला त्यातली छायानटातली एक मध्यलयीची बंदिश हवी होती. तिनं फोन केला. थोरली म्हणाली, “अगं, वही सापडत नाहीये. माळ्यावर असेल.”

वही समोरच्या कपाटात होती. फोन ठेवल्यावर तिनं कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली देवघरात ठेवली. रात्रभर झोप लागली नाही.

माझ्यासमोर बसून ती म्हणाली, “मॅडम, मी हिला कडेवर घेऊन फिरले आहे. हिच्या बाळंतपणात महिनाभर जाऊन राहिले. आणि एक बंदीश द्यायची तर माझा हात आखडला. मी अशी कधी झाले?”

बाकीचं हळूहळू बाहेर आलं. सकाळचा रियाज जवळजवळ वर्षभर बंद होता. धाकटीच्या कार्यक्रमांना ती काही ना काही कारण काढून जात नव्हती. रात्री मात्र तिच्या कार्यक्रमांच्या चित्रफिती फोनवर पुन्हा पुन्हा बघायची, चुका शोधायची आणि चूक सापडली नाही की अधिकच खचायची. वर्गातल्या मुलांवर चिडचिड वाढली होती. आईचा रोज फोन यायचा आणि त्यात एक वाक्य ठरलेलं असायचं: “काल हिचं रेडिओवर झालं, ऐकलंस का?” शेजारच्या बेननी तर जिन्यात गाठून विचारलं होतं, “नानी बहेन तो बहु सरस गाय छे, तमे केम नथी गातां?” (धाकटी बहीण तर फार छान गाते, तुम्ही का नाही गात?) हे सांगताना तिनं शेजारणीचा सूर इतका हुबेहूब काढला, की ते वाक्य तिच्या मनात किती वेळा वाजलं असेल ते कळलं.

आधी काय तपासलं

पहिला निर्णय असा होता की ही तुलनेतून आलेली बोच आहे की नैराश्याचा आजार. झोप, भूक, रोजच्या कामातला रस, जगण्याविषयीचे विचार हे सगळं विचारून घेतलं. झोप कार्यक्रमांच्या आसपासच्या रात्री उडायची, बाकी दिवशी ठीक. जेवणखाण, घरकाम, मुलीची शाळा सुरळीत होतं. जगणं नकोसं वाटत नव्हतं. वर्गातलं एखादं मूल चांगलं गायलं की तिला आनंद होत होता. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे लगेच पाठवलं नाही. मात्र झोप सलग दोन आठवडे बिघडली किंवा मनात काही वेडंवाकडं आलं तर पाठवणार, हे तिला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटला. धाकटीचं नेमकं काय खुपतं? धाकटीनं मोठा फ्लॅट घेतला तेव्हा थोरलीनं वास्तुशांतीचा सगळा स्वयंपाक अंगावर घेतला होता आणि अभिमानानं लोकांना घर दाखवत फिरली होती. बँकेत बढती मिळाली तेव्हा पेढे हिनंच वाटले. पगार, गाडी, परदेशची सहल, यातलं काहीही टोचत नव्हतं. टोचत होतं ते फक्त गाणं.

म्हणजे ‘हिला बहिणीचा मत्सर वाटतो’ हे घरच्यांचं निदान चुकीचं होतं. मत्सरी माणूस पेढे वाटत फिरत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. माणसाला आपण कुठवर आहोत हे जाणून घ्यायची ओढ असते, आणि मोजायला वस्तुनिष्ठ माप नसेल तेव्हा तो आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाशी स्वतःला ताडून बघतो, असं त्यांचं म्हणणं. धावणाऱ्याजवळ घड्याळ असतं. गाणाऱ्याजवळ काय असतं? टाळ्या, श्रेणी, आणि शेजारी बसून शिकलेली बहीण. एकच गुरू, एकच घराणं, एकच आवाजाची जात असल्यावर याहून जवळचं माप थोरलीला मिळणार तरी कुठून?

पुढं मानसशास्त्रज्ञ अब्राहम टेसर यांनी यात एक बारकावा आणला आणि या प्रकरणात तोच मला सगळ्यात उपयोगी पडला. जवळच्या माणसाचं यश आपल्याला दोन प्रकारे लागतं. ते यश आपण ज्यावर आपली ओळख उभी केली नाही अशा क्षेत्रात असेल, तर आपणही त्याच्यासोबत उजळतो. पण ते आपल्याच क्षेत्रातलं असेल तर माणूस जितका जवळचा, तितका घाव खोल. फ्लॅटच्या वेळी उजळणारी आणि रेडिओच्या वेळी विझणारी थोरली एकच बाई होती. तिचं मन बदललं नव्हतं, क्षेत्र बदललं होतं.

वहीचं कोडंही इथंच सुटलं. टेसर आणि त्यांचे सहकारी स्मिथ यांनी १९८० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. शब्द ओळखायचा खेळ होता आणि इशारे दुसऱ्यानं द्यायचे होते. नुसता खेळ आहे असं ज्यांना सांगितलं, त्यांनी मित्रांना सोपे इशारे दिले. यातून महत्त्वाचं कौशल्य दिसतं असं ज्यांना सांगितलं, त्यांनी मात्र मित्रांना अनोळखी माणसांपेक्षा अवघड इशारे दिले. मी तिला हा प्रयोग सांगितला. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “म्हणजे एखादी परकी मुलगी बंदीश मागायला आली असती तर मी लगेच दिली असती.” आणि खरंच, आदल्याच महिन्यात तिनं अहमदाबादच्या एका मुलीला त्याच वहीतल्या दोन बंदिशी उतरवून दिल्या होत्या. हे बोलता बोलता तिचं तिलाच आठवलं. आपण दुष्ट आहोत, ही जी भीती ती मनात घेऊन आली होती, ती त्या दिवशी बरीच सैल झाली.

समोर असलेले पर्याय

‘तुलना करू नकोस’ हा सल्ला तिला नवऱ्यापासून मैत्रिणींपर्यंत सगळ्यांनी दिला होता. तो मी पर्यायात धरलाच नाही. माप हवंसं वाटणं हे भुकेसारखं आहे, सांगून थांबत नाही.

अंतर वाढवणं हा पहिला पर्याय. ते तिनं आपणहून सुरूच केलं होतं, कार्यक्रम टाळून, फोन आखडते घेऊन. यानं बोच कमी होते, पण बहीण हातची जाते. आणि थोरलीच्या घरात दिवाळी, श्राद्धपक्ष, आईची औषधं सगळं दोघींत वाटलेलं होतं. अंतर राखणं शक्यही नव्हतं आणि तिला ते नकोही होतं.

दुसरा पर्याय गाण्यावरून मन काढणं. ‘वर्ग बंद करते, केकचा कोर्स करते’ असं ती दोनदा बोलून गेली. हा मोह मला सगळ्यात धोक्याचा वाटला. पस्तीस वर्षं ज्यावर आपण उभे आहोत ते महत्त्वाचं नाही असं स्वतःला पटवणं म्हणजे बोच थांबवायला पायच काढून टाकणं.

तिसरा पर्याय खाली बघण्याचा. ‘ज्यांना सा सुद्धा लागत नाही त्यांच्याकडे बघ,’ असं आई म्हणायची. अशा तुलनेनं मन काही काळ सावरतं, हे थॉमस विल्स यांनी १९८१ साली मांडलं आहेच. तिनं करूनही पाहिलं होतं. पण खाली बघायला तिच्यासमोर तिचे विद्यार्थीच होते. त्यांच्या कच्च्या सुरांत समाधान शोधायची सवय लागली आणि तिथूनच वर्गातली चिडचिड सुरू झाली. शिक्षकानं हा मार्ग घेऊ नये, असं माझं ठाम मत या प्रकरणानं झालं.

राहिला गाण्यात राहूनच माप बदलण्याचा मार्ग. कष्टाचा आणि हळू चालणारा. तो तिनं निवडला.

काय केलं

दोन आठवडे तिनं टिपण ठेवलं. तुलना मनात आली की तीन गोष्टी लिहायच्या: कोणाशी, कशात, आणि त्यानंतर मी काय केलं. तिसरा रकाना तिला निरर्थक वाटत होता, पण खरी गोष्ट त्यातूनच निघाली. इतर शिक्षिका, सोसायटीतल्या बायका, वहिनी, अशा तुलना रोजच होत होत्या आणि विरून जात होत्या. धाकटीच्या गाण्याशी झालेल्या प्रत्येक तुलनेपुढे मात्र जवळपास एकच नोंद होती: ‘सकाळी तानपुरा काढला नाही.’

रविवारी रात्री चित्रफीत बघायची, सोमवारी रियाज नाही, आणि रियाज नाही म्हणून पुढच्या रविवारी अंतर आणखी मोठं. आपण मागं पडलो ही भावना तिला दरवेळी थोडं थोडं खरोखरच मागं टाकत होती. हे कागदावर दिसल्यावर आम्ही बोच घालवण्याचा विचार बाजूला ठेवला आणि एकच ठरवलं: बोच लागलेल्या रात्रीनंतरच्या सकाळी तानपुरा निघाला पाहिजे. वीस मिनिटं पुरे. नुसता खरज, म्हणजे खालचे स्वर, लावून बंद केला तरी चालेल.

फोनच्या बाबतीत तिनं महिनाभर धाकटीचे स्टेटस दिसू नयेत अशी सोय केली. झोप सुधारली, पण हे मलमपट्टीइतकंच होतं, कारण आईचा फोन सुरूच होता.

मग रेकॉर्डिंग. दर महिन्याच्या सुरुवातीला एकच राग, एकच बंदीश, काळी चारच्या स्वरपट्टीत, फोनवर ध्वनिमुद्रित करायची आणि लगेच ऐकायची नाही. सोबतीला तिची पंधरा वर्षांपूर्वीची एक कॅसेट शोधून काढली. दोन महिन्यांनी तिनं सगळं एकत्र ऐकलं. मी मुद्दाम कौतुक केलं नाही. खोटा दिलासा गाणाऱ्या माणसाच्या कानाला लगेच कळतो. तिनंच सांगितलं: खरज पूर्वीपेक्षा पातळ झालाय, तान जड झाली आहे. पण छायानटातली प-रे संगती आता जशी लागते तशी कॅसेटवर नव्हती, तेव्हा नुसतंच धावत होते. बऱ्याच वर्षांनी तिनं आपलं गाणं धाकटीला मध्ये न आणता ऐकलं होतं.

‘गाणं’ हा एक गठ्ठा सोडवणंही चाललं होतं. मैफल रंगवणं, आवाजाची तयारी, बंदिशींचा साठा, तालीम देणं, हे सगळं एकाच शब्दात बांधलेलं असल्यामुळे धाकटी एका ठिकाणी पुढं गेली की सगळीकडेच पुढं गेल्यासारखी वाटत होती. सुटं करून बघितलं तेव्हा मैफलीत धाकटी निर्विवाद पुढं होती आणि थोरलीनं ते मोकळेपणानं कबूल केलं. बंदिशींच्या साठ्यात आणि तालमीत ती स्वतः पुढं होती, आणि याला पुरावा होता: वही, आणि वर्गातली मुलं.

सगळ्यात अवघड निर्णय वहीचा. खोटं बोलल्याचं सांगायचं, की ‘सापडली’ म्हणून देऊन टाकायची? मी दोन्ही बाजू तिच्यासमोर मांडल्या. सांगितलं तर धाकटी दुखावण्याची भीती होती. न सांगता दिली तर किल्ली मनातल्या देवघरातच राहणार होती. ठरवायला तिनं तीन आठवडे घेतले. मग धाकटीला दुपारी घरी बोलावलं, वही तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, “कपाटातच होती. द्यावीशी वाटली नाही.”

धाकटीचं उत्तर दोघींच्या सांगण्यावरून इथं देते. “मला माहीत होतं, ताई. तू माळ्यावर काही ठेवतच नाहीस.” आणि नंतर बऱ्याच वेळानं तिनं सांगितलं, की कार्यक्रमात थोरली समोर नसते तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटतं. कारण कुठली जागा गुरुजींची आणि कुठं आपण नुसती वेळ मारून नेली, हे सभागृहात फक्त थोरलीलाच कळतं. चार माणसांत वाहवा घेऊन घरी आल्यावर तीही वर्षानुवर्षं स्वतःला ताईशी ताडत बसत होती. आणखी एक गोष्ट निघाली. बी-हाय श्रेणीची बातमी तिनं दोन महिने थोरलीपासून लपवली होती, तिला वाईट वाटू नये म्हणून. थोरलीला ती आईकडून कळली आणि तिनं अर्थ काढला, की आता ही माझी कीव करते. लपवण्यामागे माया होती, पण कानशिलात बसावी तसं ते थोरलीला लागलं होतं.

परिणाम

सहा महिन्यांनंतर थोरलीचा रियाज आठवड्यातले पाच दिवस सुरू होता. गणपतीतल्या धाकटीच्या कार्यक्रमाला ती गेली नाही, तिनं तसं आधी सांगितलं आणि धाकटीनं ते मानलं. दिवाळी पहाटेला मात्र गेली. छायानटाची वेळ रात्रीची, त्यामुळे ती बंदीश तिथं नव्हती, पण वहीतलीच भैरवातली एक होती आणि ती धाकटीला तिनंच बसवून दिली होती. टाळ्या पडल्या तेव्हा आत टोचलं का, असं मी विचारलं. “टोचलं. चांगलंच टोचलं,” ती म्हणाली. त्या दिवसाच्या टिपणातला तिसरा रकाना: ‘दुसऱ्या दिवशी सहाला बसले. पाऊण तास.’ मी या प्रकरणाचं यश मोजते ते या नोंदीवर.

वर्गातली चिडचिड कमी झाली. एकाच पलट्यासाठी मुलांना ओळीनं गायला लावून ‘बघ, ती कशी गाते’ म्हणायची तिची सवय तिनं स्वतःहून सोडली. आता प्रत्येक मुलाला त्याचंच मागच्या महिन्याचं रेकॉर्डिंग ऐकवते.

आईचे फोन तसेच आहेत. ७४ वर्षांच्या आईला दोन्ही मुलींच्या बातम्या एकमेकींना पोचवणं ही माया वाटते, आणि तिच्या जागी ती खरीच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

आईला सुरुवातीलाच एका भेटीला बोलवायला हवं होतं. काम सगळं थोरलीवर चाललं होतं आणि रोजच्या रोज माप समोर धरणारा हात घरातच होता. ‘ऐकलंस का?’ ऐवजी ‘आज तू काय गायलीस?’ एवढाच बदल आईकडून मागता आला असता. सहाव्या महिन्यात मागितला तेव्हा सगळ्यांच्या सवयी घट्ट झाल्या होत्या.

धाकटीला आधी आणायला हवं होतं का, याबद्दल माझं मत उलट आहे. पहिल्या महिन्यात दोघी समोरासमोर आल्या असत्या तर थोरली माफी मागून मोकळी झाली असती आणि धाकटीनं पुन्हा बातम्या लपवल्या असत्या. थोरलीला स्वतःचं गाणं ऐकायला मिळालेले ते दोन महिने आवश्यकच होते. टिपणाचा तिसरा रकाना मात्र पहिल्या भेटीतच द्यायला हवा, आता मी तसा देते.

आकाशवाणीच्या ऑडिशनचा विषय तिनं परवा काढला. पुन्हा अर्ज करावा की नाही हे तिचं ठरलेलं नाही आणि मी त्यात ढकलत नाही, कारण तिला श्रेणी हवी आहे की बहिणीच्या बरोबरीचा शिक्का, हे तिचं तिलाच अजून नक्की सांगता येत नाही. तिनं एवढं ठरवलं आहे, की अर्ज भरलाच तर निकालानंतर नाही, भरण्याआधी धाकटीला सांगायचं, आणि तयारी दोघींनी मिळून करायची.